पुन्हा विचारलेला प्रश्न

निवृत्तीला पाच दिवस उरले आणि सगळ्या इमारतीच्या जिभेवर साखर आली. जी माणसं मॅडमना टाळण्यासाठी पाच मजले जिना चढत, ती आता लिफ्टचं दार धरून उभी राहू लागली. प्रशासन विभागाच्या प्रमुखाने मागच्याच वर्षी त्यांच्याविरुद्ध निनावी पत्र लिहिलं होतं. निनावी कसलं, अक्षर साऱ्या इमारतीच्या ओळखीचं. तोच आता निरोप समारंभाचा मुख्य आयोजक होता आणि फुलांचा रंग कोणता हवा हे विचारायला दिवसातून दोनदा येत होता.

मॅडम म्हणजे सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या मुख्य संचालक. छत्तीस वर्षांपूर्वी वार्ताहर म्हणून लागल्या, मग वृत्तसंपादक, मग वृत्तविभागाच्या प्रमुख, आणि शेवटची सहा वर्षं सगळ्यात वरच्या मजल्यावरची खुर्ची. तीन सरकारं आली आणि गेली, बाई हलल्या नाहीत. या साखरपेरणीचा त्यांना वीट आला होता. पण खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटत होतं.

त्यांच्यावर बारा मिनिटांची एक फिल्म तयार होत होती. तिच्या मधोमध अर्थातच ती मुलाखत होती. एकतीस वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका गावात दूषित पाण्याने एक्केचाळीस माणसं दगावली, तेव्हा मॅडमनी जलशुद्धीकरण केंद्रातल्या केमिस्टला गाठून प्रश्न विचारला होता: म्हणजे त्या सकाळीच तुम्हाला कळलं होतं, की पाणी बंद करायला हवं? केमिस्ट अकरा सेकंद गप्प बसला आणि म्हणाला, हो, बंद करायला हवं होतं. सातच्या बातम्यांत ते गेलं आणि देश हादरला. केमिस्ट नोकरीतून गेला, खटला झाला, चार वर्षं आत बसला. त्याच्या वरचे इंजिनिअर मात्र सहीसलामत सुटले, एकाला तर बढती मिळाली. त्या अकरा सेकंदांवर मॅडमची सगळी कारकीर्द उभी होती. पत्रकारितेच्या प्रत्येक वर्गात ती मुलाखत दाखवत असत.

सोमवारी दुपारी कात्रीने त्यांना खाली संकलन कक्षात बोलावलं. कात्री म्हणजे जुना संकलक. दोघं एकाच वर्षी नोकरीला लागले. तेव्हा तो त्यांना 'अगं' म्हणायचा. बाई वरच्या मजल्यावर गेल्या तसा 'अहो'वर आला. आज मात्र खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"बस," तो म्हणाला. "मूळ टेप सापडली. फिल्मसाठी चित्र स्वच्छ हवं म्हणून काढली. चिकटली होती, आठ तास भट्टीत शेकली तेव्हा कुठे फिरली."

"मग लाव की. त्यासाठी मला पाच मजले खाली कशाला आणलंस?"

"तू बघ. मग बोल."

इथे या धंद्याची एक रीत सांगायला हवी. त्या काळी बाहेरच्या कामाला एकच कॅमेरा असायचा, आणि मुलाखतभर तो समोरच्या माणसावर रोखलेला. माणूस उठून गेला की कॅमेरा फिरवून वार्ताहराकडे करायचा. मग वार्ताहर रिकाम्या खुर्चीकडे बघत तेच प्रश्न पुन्हा विचारणार, मधून मधून गंभीर चेहऱ्याने मान हलवणार. संकलक ते तुकडे मध्ये जोडणार आणि घरी बसलेल्याला वाटणार, दोघं समोरासमोर बोलताहेत. यात लबाडी नव्हती. अट एकच, प्रश्न तोच हवा. संस्थेची आचारसंहिता मॅडमनीच लिहिली होती आणि तिचं चौदावं कलम हेच होतं. प्रशिक्षणाला आलेल्या नव्या पोरांपुढे त्या हे कलम नाकाने कांदे सोलत शिकवायच्या.

टेप सुरू झाली. प्रयोगशाळेची खोली, मागे काचेच्या नळ्यांची मांडणी, समोर पांढऱ्या शर्टातला केमिस्ट. त्याने आधी विचारलं, "शर्ट ठीक आहे ना? बदलून येऊ का?" मग कॅमेऱ्यामागून एका तरुण मुलीचा आवाज आला. मॅडमना तो आपलाच आहे हे कळायला क्षणभर वेळ लागला.

"आज हे सगळं झाल्यावर, मागे वळून बघताना तुम्हाला काय वाटतं? पाणी बंद करायला हवं होतं?"

केमिस्ट गप्प बसला. अकरा सेकंद. मग म्हणाला, "हो. बंद करायला हवं होतं." आणि थांबला नाही. पुढे म्हणाला, "पण त्या सकाळी मला काहीच कळलं नव्हतं हो. नमुना ठीक होता. कळलं असतं तर मी स्वतः चावी फिरवली असती, कुणाला विचारलंसुद्धा नसतं."

मॅडमनी कात्रीकडे बघितलं. कात्री पडद्याकडेच बघत होता.

मग केमिस्ट उठून गेला, कॅमेरा फिरला, आणि एकोणतीस वर्षांची ती मुलगी रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली दिसली. तिने प्रश्न विचारला, बराचसा पहिल्यासारखाच. स्वतःवरच नाराज झाली. "बोथट वाटतोय, परत घेऊ." दुसऱ्यांदा विचारला, त्यात 'त्या दिवशी' आलं. कॅमेरामन म्हणाला, अजून थोडं नेमकं. तिसऱ्यांदा तिने केस मागे सारले, भुवया जवळ आणल्या आणि विचारलं, "म्हणजे त्या सकाळीच तुम्हाला कळलं होतं, की पाणी बंद करायला हवं?" कॅमेरामन हसला. म्हणाला, हा दमदार. तीही हसली. मग रिकाम्या खुर्चीकडे बघत तिने तीन वेळा मान हलवली, दर वेळी आधीपेक्षा जास्त दुःखी चेहऱ्याने.

मॅडमना त्या पोरीच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. त्या मान हलवण्याची तर इतकी किळस आली की त्यांनी नजर खाली जमिनीवर नेली.

"मी तिसरा प्रश्न त्याला विचारला होता," त्या म्हणाल्या. "मला आठवतंय. त्याच्या तोंडावर विचारला होता."

"नाही विचारलास. टीव्हीवर विचारलास."

"आणि पुढचं वाक्य? ते कुणी कापलं?"

"मी. साडेपाचला टेप आली, सातला बातम्या. तू माझ्या खांद्याशी उभी होतीस. म्हणालीस, 'होतं' वर थांब, पुढे नुसतं लांबण आहे. मी थांबलो."

"आणि एकतीस वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलास?"

"बसलो. तुला बक्षीस मिळालं, मला कायम केलं. कोण आपल्या पायावर धोंडा मारून घेईल?" कात्रीने चष्मा काढून शर्टाला पुसला. "पण परवा तुझ्या फिल्मसाठी पुन्हा 'होतं' वर यंत्र थांबवलं आणि हात पुढे जाईना. एकदा शेण खाल्लं ते खाल्लं. म्हातारपणी परत नको."

मॅडम घरी गेल्या आणि सगळं नवऱ्याला सांगितलं. नवरा गणिताचा शिक्षक होता, आता निवृत्त. बायकोच्या पराक्रमाच्या कथा ऐकण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तो पोळीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिला.

"मला शंका होतीच," तो म्हणाला.

"कसली शंका?"

"अगं, ही गोष्ट तू पाहुण्यांना शंभर वेळा सांगितलीस. पहिल्या वर्षी तो नुसता गप्प बसला होता. पाचव्या वर्षी त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दहाव्या वर्षी त्याने हात जोडले. मागच्या महिन्यात माझ्या बहिणीला सांगताना तो तुझ्या पाया पडायचाच बाकी होता. उत्तर दर वेळी वेगळं यायला लागलं, की गणितात आपण समजतो कुठेतरी चुकलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"घरात कोण परीक्षा घेतं?" तो म्हणाला आणि पोळी खाऊ लागला. मॅडमना त्याचाही राग आला, पण तो बिचारा काय चुकीचं बोलला होता.

मंगळवारी सकाळी त्यांनी प्रेक्षक-पत्रव्यवहार विभागातून केमिस्टची फाइल मागवली. फाइल असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. होती, आणि चांगली जाड होती. केमिस्टने वर्षाला एक याप्रमाणे चौदा पत्रं पाठवली होती, पहिली काही तुरुंगातून. प्रत्येकात विनंती तीच: माझी मुलाखत कृपया पूर्ण दाखवावी, एका वाक्याने फरक पडतो. ना शिवी, ना धमकी. अक्षर प्रयोगशाळेच्या वहीतल्यासारखं सुबक. प्रत्येक पत्राला संस्थेचं छापील उत्तर गेलं होतं, शेवटच्या पाचांना हे: 'आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.' हे वाक्य वृत्तविभागाच्या प्रमुख झाल्यावर मॅडमनीच घडवलं होतं आणि तेव्हा त्यांना ते फार सभ्य वाटलं होतं. शेवटच्या पाच पत्रांच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत त्यांची आद्याक्षरं होती. म्हणजे पत्र टेबलावर आलं होतं, त्यांनी न वाचता कोपऱ्यात सही केली होती आणि पुढे ढकललं होतं. चौदाव्या पत्रात केमिस्टने लिहिलं होतं, यापुढे तसदी देणार नाही. बरोबर, आपल्यासारख्यांना लोक तसदी देतात, मॅडमच्या मनात आलं, आणि त्यांना स्वतःच्या हिरव्या शाईची शिसारी आली.

फाइल घेऊन त्या अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्ष आयुष्यभर विम्याच्या कंपनीत होते. सरकारने दोन वर्षांपूर्वी त्यांना इथे आणून बसवलं. बातमी आणि जाहिरात यांतला फरक त्यांना अजून नीट उमगला नव्हता, पण कुठली गोष्ट अंगाशी येईल हे त्यांना बरोबर कळायचं.

"मूळ मुलाखत दाखवायची म्हणता?" त्यांनी विचारलं. "मॅडम, वरातीमागून घोडं कशाला? इंजिनिअर मेले, कॅमेरामन मेला. केमिस्ट?"

"जिवंत आहे. चौकशी केली मी. त्र्याऐंशीचा."

"मग तर नकोच. विश्वासार्हता ही काचेची वस्तू आहे. आपण फिल्ममधून ती मुलाखत काढू. सुंठीवाचून खोकला गेला. कुणाला कळणारही नाही." मग ते खुर्चीत पुढे सरकले. "आणि हे बघा, माध्यम आचारसंहिता मंडळासाठी मी तुमचंच नाव पाठवलंय. पाच वर्षांची नेमणूक आहे. शुक्रवारी आदेश निघेल. अशा वेळी हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

आचारसंहिता मंडळ. मॅडमना हसू आलं नाही. त्याहून वाईट गोष्ट झाली: त्या विचार करू लागल्या. पाच वर्षं, केबिन, गाडी, लोकांनी उठून उभं राहणं. चांगली दहा मिनिटं त्या तिथे बसून राहिल्या, चहा प्यायल्या आणि 'बघू' म्हणून उठल्या. लिफ्टमध्ये आरशात चेहरा दिसला तेव्हा त्यांना तो ओळखीचा वाटला आणि अजिबात आवडला नाही.

बुधवारी त्यांनी लॅपटॉपमध्ये मूळ मुलाखत घेतली आणि गाडी काढली. केमिस्ट त्या गावात राहत नव्हता. गावकऱ्यांचे दगड खाऊन कोण राहील. चार तासांवरच्या शहरात, एका बैठ्या वसाहतीत, मुलीबरोबर राहत होता. मुलगी पन्नाशीची, दातांच्या डॉक्टरकडे कामाला. दार तिनेच उघडलं. मॅडमना बघून ती दचकली नाही.

"या," ती म्हणाली. "कधीतरी याल असं वाटायचं. आता वाटायचं बंद झालं होतं."

खोलीत टीव्ही चालू होता. मॅडमचंच चॅनेल. त्याच्यासमोर खुर्चीत केमिस्ट बसला होता, हाडांचा नुसता सांगाडा, पण शर्ट पांढरा आणि कडक. मॅडमना बघताच त्याने टीव्हीचा आवाज कमी केला आणि कष्टाने उठून उभा राहिला.

"अरे वा. बाई, तुम्ही? बसा, बसा. माझ्याकडे दुसरं चॅनेल लागत नाही बघा. म्हणजे लागतं, मी लावत नाही."

मॅडमनी गाडीत चार तास घोकलेलं वाक्य उच्चारलं. "मी तुमची माफी मागायला आलेय. त्या मुलाखतीत माझ्याकडून फार मोठं खोटं झालं."

"छे छे. तुमचं काय खोटं?" म्हातारा म्हणाला. "उलट तुमचे उपकार. तुम्ही तसा नेमका प्रश्न विचारला नसतात तर मी कबूल केलं नसतं."

"काय कबूल केलं नसतं?"

"हेच, की मला माहीत होतं." त्याने हात गुडघ्यांवर ठेवले. "आधी आधी मला वाटायचं, नव्हतं माहीत. पत्रंसुद्धा लिहिली तुमच्या ऑफिसला, वेड्यासारखी. मग किती वेळा ती मुलाखत बघितली. कोर्टात बघितली, दर वर्षी त्या तारखेला तुम्ही दाखवता तेव्हा बघितली. शेवटी कळलं, की बाबा, तू स्वतःच्या तोंडाने सांगतोयस. माणूस स्वतःविरुद्ध कशाला खोटं बोलेल? हळूहळू सगळं आठवलं. त्या सकाळी पाण्याला वास होता. मी बाटली नाकाशी धरली होती. वास येत होता, आणि मी चावी फिरवली नाही."

मुलगी खिडकीजवळ उभी राहून बाहेर बघत होती. हे तिने शंभरदा ऐकलं असणार.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. "हे बघा. ही मूळ टेप आहे. तुम्ही काय बोललात ते नीट ऐका."

म्हातारा नाक पडद्याला लावून बघू लागला. प्रश्न झाला. अकरा सेकंद झाले. 'पण त्या सकाळी मला काहीच कळलं नव्हतं हो' हे वाक्य आलं आणि संपलं. त्याने पुन्हा लावायला सांगितलं. दोनदा बघितलं. मग मागे टेकून हसला, नातवाने पत्त्यांत केलेली लबाडी पकडावी तसा.

"आवाज माझाच आहे. झकास जमलंय," तो म्हणाला. "आता काय वाटेल ते बनवता येतं म्हणतात. माणसाच्या तोंडी हवं ते घालता येतं. परवाच तुमच्या चॅनेलवर दाखवलं, सावध राहा म्हणून. मी सावध आहे."

"हे बनवलेलं नाही हो. ते बनवलेलं होतं."

"बाई, ते सातच्या बातम्यांत होतं," म्हातारा म्हणाला, शांतपणे, लहान मुलाला समजावावं तसं.

मॅडमनी पाणी मागितलं आणि ते प्यायल्यावर त्यांना आणखीच वाईट वाटलं.

फाटकापर्यंत मुलगी सोडायला आली. "तुमच्यावर काहीतरी फेकून मारावं असं मी वीस वर्षं मनात धरून होते," ती म्हणाली. "आता ताकद नाही. डॉक्टर म्हणतात तीन-चार महिने. एकदा तर ते झोपेतून उठून म्हणाले, मी एक्केचाळीस माणसं मारली. माझ्या बाबांनी माशी मारली नाही कधी. एकच करा. हे सातच्या बातम्यांत सांगा. मी सांगून उपयोग नाही, तुम्ही घरी येऊन सांगून उपयोग नाही. तिथे सांगितलं तरच ते मानतील. जायच्या आधी त्यांना कळू दे, की त्यांना माहीत नव्हतं."

"सांगते," मॅडम म्हणाल्या. परत येताना त्यांनी अध्यक्षांचे सात फोन घेतले नाहीत.

शुक्रवारी पाच वाजता निरोप समारंभ झाला. निनावी पत्रवाल्याने मानपत्र वाचलं आणि वाचता वाचता त्याला गहिवरून आलं. फिल्म दाखवली गेली. मुलाखतीच्या जागी मॅडम झाड लावताना दिसत होत्या. अध्यक्ष कानाशी येऊन पुटपुटले, आदेश तयार आहे, उद्या हातात देतो. त्यांच्या दृष्टीने विषय मिटला होता. मॅडम सहा वाजता उठल्या, हार टेबलावर ठेवला आणि वृत्तकक्षात गेल्या. सातच्या बातम्यांवर शेवटचा हात मुख्य संचालकांचा, आणि बारा वाजेपर्यंत मुख्य संचालक त्याच होत्या. कात्री यंत्रापाशी तयार बसला होता.

बातमी त्यांनी स्वतः लिहिली आणि स्वतः वाचली. तीन मिनिटांची झाली. आधी मूळ प्रश्न, अकरा सेकंद आणि पूर्ण उत्तर. मग रिकाम्या खुर्चीसमोर बसलेली ती मुलगी, तिचे तिन्ही प्रश्न, हसणं आणि मान हलवणं, काही न कापता. शेवटी मॅडम कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "या माणसाला काहीही माहीत नव्हतं. त्यांनी तेव्हाच तसं सांगितलं होतं. मी प्रश्न बदलला आणि त्यांचं वाक्य कापायला लावलं. त्यांनी चौदा पत्रं लिहिली, ती मी वाचली नाहीत." मग म्हाताऱ्याचं नाव घेऊन त्या सरळ त्याच्याशीच बोलल्या. "साहेब, त्या सकाळी पाण्याला वास नव्हता. नमुना ठीक होता. हे मी सातच्या बातम्यांत सांगतेय."

स्टुडिओतून बाहेर पडल्या तर सगळा वृत्तकक्ष उभा राहून टाळ्या वाजवत होता. मॅडमना काही कळेना. एक वृत्तनिवेदिका डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, काय धाडस दाखवलंत. आम्हाला केवढा आदर्श." कुणीतरी फोटो काढत होतं. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे, माणसाला जिवंत पुरल्याची कबुली दिली मी, टाळ्या कसल्या पिटताय. पण फोन एकसारखा वाजत होता.

अध्यक्षांचा फोन साडेसातला आला. पहिलं अर्धं मिनिट त्यांनी वाटेल ते सुनावलं. मग बहुधा कुणीतरी त्यांच्यापुढे प्रेक्षकांच्या कौतुकाचा कागद सरकवला असावा, कारण आवाज एकाएकी मऊ झाला. पाऊण तासाने संस्थेचं निवेदन निघालं: 'निर्भय आत्मपरीक्षणाच्या आमच्या परंपरेला साजेसं पाऊल.' सकाळच्या वर्तमानपत्रांत मॅडमचा मोठा फोटो होता. केमिस्टचं नाव सहाव्या परिच्छेदात होतं, एका ठिकाणी तर चुकीचं छापलं होतं. एका अग्रलेखाने मॅडमना देशाचा सदसद्विवेक म्हटलं. नऊ वाजता अध्यक्षांनी स्वतः फोन करून सांगितलं, की मंडळाच्या जागेसाठी आता त्यांच्याइतकं लायक कुणी उरलेलंच नाही.

"मला नको ती जागा," मॅडम म्हणाल्या.

"व्वा. हेही छापून येऊ द्या," अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी फोन आपटला. आपल्याला या चिखलातून बाहेर पडायची वाटच नाही, असं त्यांना वाटलं. खरं बोललं तरी त्याची फुलं होऊन आपल्याच गळ्यात पडतात. नवऱ्याने वर्तमानपत्रांची घडी करून ती कपाटावर टाकली आणि चहा पुढे ठेवला. मग अनोळखी आकड्यावरून फोन आला. केमिस्टची मुलगी होती.

"बघितलं बाबांनी," ती म्हणाली. "पूर्ण. आवाज मोठा करून."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "काय म्हणाले?"



"म्हणाले, बाई मनाने चांगल्या आहेत. म्हाताऱ्याला बघून गेल्या, दया आली असेल. पण माझ्यासाठी म्हणून बातम्यांत असं खोटं बोलायला नको होतं." तिचा आवाज कोरडा होता. "सकाळी मी टीव्ही लावायला गेले तर हात धरला. म्हणाले, नको लावूस. या लोकांचं आता काही खरं मानायचं नाही."